होशेयाचा तिसरा अध्याय

येसुदासआबांच्या तोंडात एकही दात नव्हता, म्हणून मी त्यांना पाळकसाहेबांच्या उजव्या हाताला बसवायचं ठरवलं.

होशेयाचा तिसरा अध्याय पाच वचनांचा आहे. आमच्या मिशन कंपाउंडात गुरुवारची प्रार्थना घरोघर व्हायची आणि शास्त्र वाचायची रीत ठरलेली होती. पाळकसाहेब मधल्या खुर्चीत बसायचे. त्यांच्या उजव्या हाताला जो असेल त्यानं पहिलं वचन वाचायचं, त्याच्या शेजारच्यानं दुसरं, असं अध्याय संपेपर्यंत. चर्चच्या सतरंजीवर वाढलेल्या प्रत्येक पोराला एक खोड असते. वाचन सुरू झालं की ऐकायचं सोडून ते बोटांवर मोजत बसतं, आपल्या वाट्याला कुठलं वचन येणार. छोटं आलं की हुश्श, आणि जुन्या करारातल्या राजांची अवघड नावं आली की बाहेर पळायचं निमित्त. मी या मोजणीत पटाईत होते. तेरा वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

तर, पाच वचनं, पाच माणसं. पहिलं वचन सगळ्यांत वाईट, ते येसुदासआबांना. ते वाचू लागले की पेजेत बुडबुडे आल्यासारखा आवाज यायचा आणि एक अक्षर कुणाला कळायचं नाही. दुसरं सुशीलाबाईंना, कारण त्यांचा घसा बसला होता. तिसरं शिरसाठांच्या दानीला. तो माझ्याच वर्गात होता आणि मागं कुत्रं लागल्यासारखा वाचायचा. चौथ्या-पाचव्या वचनात भ्यायचं काही नव्हतं, ती कुणीही वाचावीत. आणि आई स्वैपाकघराच्या दारात, चहाच्या निमित्तानं, पाळीच्या बाहेर.

मी वहीच्या मागच्या पानावर खोलीचा नकाशा काढला होता. त्यात चौकोन म्हणजे खुर्च्या आणि लांब रेघा म्हणजे सतरंज्या. आईच्या जागी मी फुली मारली होती.

कारण सांगते. होशेय हा बारा लहान संदेष्ट्यांतला पहिला. त्याची बायको त्याला सोडून दुसऱ्याकडं जाते आणि देव त्याला सांगतो, जा, तिला परत आण आणि तिच्यावर पुन्हा प्रेम कर. नवरा म्हणजे देव आणि बायको म्हणजे देवाला विसरलेली त्याची माणसं, असं पाळकसाहेब समजावून सांगत. ते बरोबरच असणार. पण त्या वर्षी आमच्या कंपाउंडात अर्थाकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे आमच्या घराकडं बघत होते.

माझी आई, सगुणाबाई नर्स, आदल्या वर्षी दवाखान्यातल्या एका कंपाउंडरबरोबर सोलापूरला निघून गेली होती. अकरा महिने ती घरी नव्हती. मग एका शनिवारी बाबांनी कोट घातला, एस.टी. धरली आणि रविवारी दुपारी, बरोबर चर्च सुटायच्या वेळी, तिला घेऊन ते फाटकातून आत आले. सगळं कंपाउंड पायऱ्यांवर उभं होतं. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी सगळ्यांना नेहमीसारखा सलाम केला आणि घराचं कुलूप काढलं. त्या अकरा महिन्यांबद्दल ते ना तेव्हा बोलले, ना नंतर. निदान माझ्या देखत नाही.

दीनाआत्या बोलली. आई नव्हती तेव्हा तिनंच आमचं घर सांभाळलं होतं. राहुरीला परत जाताना ती मला कुशीत घेऊन म्हणाली, "सांभाळून राहा गं पोरी. हिला लोकांचं बोलणं सोसायचं नाही. कुणी एक शब्द टाकला ना, की पिशवी उचलील बघ ही."

तो एक शब्द कुणी टाकू नये, हे माझं काम झालं. चार महिने मी तेच करत होते. नळावर बायका कुजबुजू लागल्या की मी हंडा आपटायचे. चर्चमध्ये आईच्या आणि शिरसाठकाकूंच्या मधे बसायचे. शिरसाठकाकू म्हणजे दानीची आजी, महिला मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांची जीभ म्हणजे दुधारी. आई आल्यापासून त्यांनी आमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. कुणीच टाकलं नव्हतं. दवाखान्यानं आईला पुन्हा घेतलं नाही, आणि ज्या बायका पूर्वी कळा सुरू झाल्या की आधी "सगुणाबाईला बोलवा" म्हणायच्या, त्या आता टांगा करून तालुक्याला जात.

अशात पाळकसाहेबांनी लहान संदेष्टे वाचायला काढले. दर गुरुवारी एक अध्याय, चर्चच्या दारावर लावलेल्या घरांच्या यादीप्रमाणे. पहिला अध्याय पाळकसाहेबांकडं झाला. त्यात होशेयाला मुलगी होते आणि देव तिचं नाव ठेवायला सांगतो लो-रुहामा, म्हणजे जिच्यावर दया झाली नाही अशी. दुसऱ्या दिवशी शाळेत दानीनं मला लांबून हाक मारली, "ए लो-रुहामा!" मी त्याला पाटीनं मारलं. शिक्षा मलाच झाली, आणि ती बाबांनीच केली, कारण वर्ग त्यांचा होता. दुसरा अध्याय शिरसाठकाकूंकडं, नाल्यापलीकडं झाला. तिसरा देठ्यांकडं. देठे म्हणजे आम्ही.

"बाबा, आपला गुरुवार पुढं ढकलू या," मी मंगळवारी म्हटलं. ते पेपर तपासत होते.

"का?"

"माझी परीक्षा आहे."

"दिवाळीनंतर आहे." त्यांनी मान वर केली नाही.

"मग पाळकसाहेबांना सांगा, आपल्याकडं दुसरं काही तरी वाचा. योना वाचा. त्यात मासा आहे."

आता त्यांनी चष्मा काढला. "रूथ, दोनानंतर काय येतं?"

"तीन."

"मग?"

एवढंच. बाबांशी वाद घालणं म्हणजे पाढ्यांशी वाद घालणं. मी वहीचं मागचं पान उघडलं आणि नकाशा काढायला बसले.

गुरुवारी शाळेतून आले तेव्हा आईनं घर आरशासारखं केलं होतं. शेणानं सारवलेलं अंगण, धुतलेली सतरंजी, मोठं पातेलं चुलीवर. मी खुर्च्या मांडू लागले. ती स्वैपाकघरातून बघत होती.

"आबांना खुर्ची कशाला? ते नेहमी भिंतीला टेकून बसतात."

"म्हातारे आहेत," मी म्हटलं.

"आणि मी कुठं बसू?"

"तू दारात. चहा उतू जाईल."

तिनं हात पुसले आणि परसातून आबांच्या खोलीकडं गेली. येसुदासआबा आमच्या मागच्याच खोलीत एकटे राहायचे. पूर्वी ते चर्चची घंटा वाजवायचे. आई परत आली त्या दिवसापासून तिनं त्यांच्या डोळ्यांत रोज औषध घालायला सुरुवात केली होती, आणि तिच्या हातून काही करून घेणारे सगळ्या कंपाउंडात ते एकटेच होते. औषध घातलं की तासभर त्यांना सगळं धुरकट दिसायचं, म्हणून ती ते रात्री झोपताना घालायची. त्या दिवशी तिनं ते साडेचारला घातलं. मी खिडकीतून पाहिलंही. वाटलं, रात्री भांडी आवरायची म्हणून आत्ताच उरकून घेत असेल.

पाच वाजता माणसं यायला लागली, आणि मला धक्काच बसला. आठ-दहा येतील असं वाटलं होतं, तर सत्तावीस आली. एरवी मिठाच्या खड्यासाठीही कुणी आमच्या दारात येत नव्हतं, आणि आज होशेय ऐकायला सत्तावीस! शिरसाठकाकूसुद्धा आल्या. हातात शास्त्र, डोक्यावरून पदर आणि बरोबर दानी. मी दानीला दंडाला धरून त्याच्या जागेवर बसवलं.

"इथं का?" तो म्हणाला.

"पाट्या मोजायच्यात का अजून?" मी म्हटलं. तो मुकाट बसला.

आबांना मीच हाताला धरून आणलं. ते खुर्चीत अवघडून बसले. "ही पाळकाची खुर्ची तर न्हाई ना गं? मला उठवत्याल."

"नाही आबा. तुमचीच आहे."

सगळं नकाशाबरहुकूम होतं. सुशीलाबाई खाकरत होत्या. बाबा दरवाजाशी उभे होते, कारण त्यांनी आपली खुर्ची कुणाला तरी दिली होती. आई स्वैपाकघराच्या दारात, पाठ चौकटीला टेकून. मी तिच्या आणि खोलीच्या बरोबर मधे बसले. दोन गाणी झाली, पेटी थांबली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि मला वाटतं ती जरा लांबलीच. त्यांनाही पुढं काय आहे ते ठाऊक होतं. भला माणूस होता तो, पण एक अध्याय गाळण्याइतकं धैर्य त्यांच्यातही नव्हतं.

"होशेय, तिसरा अध्याय," ते म्हणाले. "येसुदासआबा, सुरू करा."

आबांनी मोठ्या अक्षरांचं शास्त्र नाकाला लावलं. लांब धरलं. परत नाकाला लावलं.

"काय दिसंना पाळकसायेब. समदं धुकं धुकं झालंय."

"असू द्या आबा. मग..."

आता पाळकसाहेब सुशीलाबाईंकडं वळणार होते. बसलेल्या घशाचं पहिलं वचन, काही बिघडत नव्हतं. पण आमच्याकडं आणखी एक रीत होती आणि ती मी विसरले होते. ज्याला वाचता येत नाही त्यानं आपली पाळी कुणाला तरी द्यायची. नाव घेऊन. आजवर ती कुणी नाकारल्याचं माझ्या पाहण्यात नव्हतं.

"माझी पाळी म्या सगुणाला दिली," आबा म्हणाले. दात नव्हते, तरी तेवढं वाक्य सगळ्यांना स्पष्ट कळलं.

शिरसाठकाकूंचा पंखा हातातच थांबला. मागं चौकटीशी आईचा पदर सळसळला आणि ती उठली असं मला कळलं. मी वळून पाहिलंच नाही. मला वाटलं ती आता स्वैपाकघरातून, परसातून, मागच्या दारानं निघाली. आत्याचे शब्द कानांत घणासारखे बसू लागले. आणि मी काय करावं? ताडकन उभी राहिले, शास्त्र उघडलं आणि मोठमोठ्यानं वाचायला लागले. पहिलं वचन. मीच वाचलं की झालं, संपलं, तिला काही वाचायला नको.

तीन शब्द झाले असतील. माझ्या खांद्यावर हात पडला.

"रूथ," आई म्हणाली. "पाळी माझी आहे."

रागानं नाही, आपली पाळी आली आहे एवढं सांगावं तसं. मी खाली बसले. ती माझ्यावरून पुढं गेली, आबांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली, त्यांच्या मांडीवरचं ते मोठं शास्त्र घेतलं आणि वाचू लागली.

वॉर्डात रात्रपाळीला चार्ट वाचून दाखवताना ती ज्या आवाजात वाचायची, त्याच आवाजात. सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. देव त्याला म्हणाला, पुन्हा जा आणि त्या बाईवर प्रेम कर. नवऱ्याला फसवणाऱ्या बाईला देतात ते जे नाव त्या बाईला शास्त्रात दिलंय, ते मी एवढे दिवस मनातसुद्धा घेतलं नव्हतं. आईनं ते नाव घेतलं. गिळलं नाही, पुटपुटली नाही, त्याच्यावरून घाईनं पुढं गेली नाही. ते घेऊन तिनं क्षणभर वर पाहिलं, सगळ्यांकडं. मग पुढचं वाचलं, वचनाच्या शेवटी येणाऱ्या मनुकांच्या ढेपांपर्यंत, आणि शास्त्र मिटलं.

मी जमिनीकडं बघत होते. माझे कान जळत होते. मला तेव्हा मरून जावंसं वाटलं, हे मी आज खरं सांगते.

सुशीलाबाईंनी दुसरं वचन वाचलं. होशेयानं किती चांदी आणि किती जव देऊन तिला परत आणलं, ते त्यात आहे. त्यांचा घसा असा बसला होता की जव तेवढे ऐकू आले. बाबांनी सोलापुरात काय दिलं होतं, काय ऐकून घेतलं होतं, कुणाचे पाय धरले होते का, कुणाला कधी कळलं नाही.

मग दानी. मागं कुत्रं लागल्यासारखा वाचणारा दानी. तो उभा राहिला, शास्त्र धरलं. त्यानं आईकडं पाहिलं, मग आजीकडं, मग माझ्याकडं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बिचारा तेरा वर्षांचाच होता तोही. आणि मागं जो शब्द त्यानं मला लांबून मारला होता, त्याच पुस्तकातलं आता त्याला आमच्या घरात उभं राहून वाचायचं होतं.

"माझी पाळी..." त्याचा आवाज फाटला. "माझी पाळी मी देठे मास्तरांना दिली."

"तुला वाचता येतं की रे," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या.

"दिली," दानी म्हणाला आणि खाली बसला.

बाबा दरवाजातून पुढं आले. खिशातून चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, लावला. त्या खोलीतल्या निम्म्या माणसांना बाराखडी बाबांनीच शिकवली होती. वाचताना कुणी अडखळलं, कुणी ओळ दोनदा म्हटली, की ते छडी टेबलावर आपटायचे. शास्त्र म्हणजे गाणं नाही, एकदाच आणि नीट, असं म्हणायचे.

तिसऱ्या वचनात होशेय तिला सांगतो, तू पुष्कळ दिवस माझ्यापाशी राहा. दुसऱ्या कुणाची होऊ नको. आणि मीही तुझ्याशी तसाच राहीन.

बाबांनी ते वाचलं. शेवटच्या शब्दांपाशी थांबले. मग पुस्तकावरून नजर काढली, आईकडं पाहिलं आणि तेच शब्द पुन्हा म्हणाले, पुस्तकात न बघता. मीही तुझ्याशी तसाच राहीन.

आई जमिनीवर बसली होती. तिनं मान हलवली. एकदाच, हो अशी. बाबांना पुढं काय करायचं ते सुचलं नसावं, कारण ते चष्मा हातात घेऊन तसेच उभे राहिले. शेवटी आबाच म्हणाले, "म्हन की आमेन कुनीतरी."

"आमेन," सगळे म्हणाले.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "उरलेली दोन वचनं," ते म्हणाले, "घरी वाचा. आता चहा घेऊ या."

चौदा वर्षं त्यांनी आमच्या कंपाउंडात सेवा केली. एक अध्याय अर्धा सोडला, तो त्या दिवशीच.

मी चहा वाटला. निम्मा बशीत सांडला. सगळ्यांनी घेतला. शिरसाठकाकूंच्या पुढं कप धरला तेव्हा मला वाटलं, आता त्या म्हणतील पित्त झालंय. त्यांनी घोटभर प्यायला आणि आत बघून म्हणाल्या, "साखर फार टाकलीस, सगुणा."

"पुढल्या वेळी कमी टाकीन," आई आतून म्हणाली.

काकूंनी कप संपवला. उठल्या, स्वैपाकघराच्या दाराशी गेल्या, आणि जणू गेल्या चार महिन्यांत काही झालंच नाही अशा सुरात म्हणाल्या, "आमच्या सुनेचं पोट खाली उतरलंय. टांग्यात बसवायची नाही मला तिला. बोलावणं धाडलं तर येशील का गं?"

"येईन," आई म्हणाली.

एवढंच झालं. माफी कुणी मागितली नाही, रडलं कुणी नाही. दानी जाताना माझ्या पायांकडं बघत काही तरी पुटपुटला. काय ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी परसात कपबश्या विसळायला बसलो. बाबा आबांना त्यांच्या खोलीत सोडायला गेले होते. अजून थोडा उजेड होता.

"आबांना औषध तू मुद्दाम लवकर घातलंस," मी म्हटलं.

"हो."

"आणि पाळी तुला द्यायला सांगितलंस."

"विचारलं होतं. ते म्हणाले, देतो." तिनं कप उपडा घातला. "तू त्यांना पाळकांच्या शेजारी बसवणार हे मला वहीत दिसलं होतं. उघडी टाकून गेली होतीस."

मला रडू यायला लागलं. रागानं. "का पण? मी सगळं नीट केलं होतं. तुला काही वाचायलाच लागलं नसतं. मी तुला वाचवत होते!"

"मला?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "मला नाही गं रूथ. तुला लाज वाटत होती. माझी."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि नाही म्हणता येईना. कारण ते खरं होतं. नळावरचा हंडा, चर्चमधली जागा, तो नकाशा. एवढी सगळी धडपड मी आईसाठी करतेय असं मी चार महिने स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे दानीनं मला परत लांबून हाक मारू नये, एवढंच मला हवं होतं.

"वाटायचीच," आई म्हणाली. "वाटू नये असं मी काही केलेलं नाही. पण तू माझ्यामागं लपवालपवी करत फिरायला लागलीस ना, ते मला बघवेना. ते नाव कुणी तरी घेणारच होतं कधी तरी. तुझ्या देखत दुसऱ्या कुणी घेण्यापेक्षा मीच घेतलं. आता कुणाला काय म्हणायचं राहिलंय?"

मी कपबशी घासत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"तू परत जाणार नाहीस ना?" चार महिने मी हे विचारलं नव्हतं.

कुठलीही आई म्हणाली असती, नाही गं बाळा, कधीच नाही. माझ्या आईनं हातातलं पाणी झटकलं आणि विचार केला.

"मी खोटं बोलले ना, तर तुला कळेल," ती म्हणाली. "रोज सकाळी उठते आणि ठरवते, जायचं नाही. मग चूल पेटवते. आजचं ठरवून झालंय."

"आणि उद्याचं?"

"उद्या सकाळी."

मला तेव्हा त्या उत्तराचा फार राग आला. आज मी ती होती त्याहून तीस वर्षांनी मोठी आहे, दोन मुलींची आई आणि एका नातवाची आजी आहे, आणि मला माहीत आहे की त्याहून खरं उत्तर मला आयुष्यात कुणी दिलं नाही. पण त्या संध्याकाळी मी कपबश्या तशाच टाकून आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

जाग आली तेव्हा फटफटत होतं. बाबा घोरत होते. आईचं अंथरूण गुंडाळलेलं होतं. चूल थंड.

दाराची कडी वाजली होती, तिनंच मला जाग आली असणार. खिडकीतून पाहिलं तर आई अंगण ओलांडून चालली होती, अंगावर शाल, हातात निळी पिशवी. हीच पिशवी घेऊन ती सोलापूरला गेली होती.

मी बाबांना उठवलं नाही. का नाही उठवलं ते आजही सांगता येणार नाही. तशीच बाहेर पळाले. अंगण थंडगार होतं, वाटेत बाभळीचे काटे पडलेले. मी चर्चच्या भिंतीच्या आडोशानं, तिच्या मागं, बरंच अंतर ठेवून चालले. हाक मारायची हिंमत झाली नाही. तिनं वळून "जाते मी" म्हटलं असतं तर?

फाटकाशी ती थांबली. फाटकातून डावीकडं गेलं की एस.टी. स्टँड. पहिली गाडी साडेपाचला, सोलापूरची. गाडी स्टँडवर उभी होती, तिचं इंजिन घुरघुरताना मला इथून ऐकू येत होतं. उजवीकडं नाला आणि नाल्यापलीकडं शिरसाठांचं घर. आईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. शाल नीट केली.

आणि उजवीकडं वळली.

मी फाटकापर्यंत पळत गेले. फाटकाचे गज धरून मी उभी राहिले. तेव्हाच मला नाल्यापलीकडं कंदील घेऊन उभा असलेला दानी दिसला. तो तिला बोलवून पुढं गेला होता आणि आता तिची वाट बघत होता.

"चपला घालून ये," आई म्हणाली. मागं न बघताच. "रोज माझ्यामागं यायचं असेल तर अनवाणी कसं जमेल?"

मी धावत घरी गेले आणि चपला घातल्या. शिरसाठांच्या सुनेला नऊ वाजता मुलगी झाली, आणि ती आईच्या हातात रडली तेव्हा मी दाराबाहेर बसले होते.

त्यानंतर वर्षभर मी रोज पहाटे उठले आणि आई घराबाहेर पडली की तिच्यामागं फाटकापर्यंत गेले. ती कुठल्या हाताला वळते ते बघायला. तिला माहीत होतं. एकदाही ती म्हणाली नाही की आता पुरे.